लेआउटवर नदी-धबधबा करायचाय? रेझिन नंतर, आधी महिना ठरवा

मॉडेल रेल्वेच्या लेआउटवर, म्हणजे छोट्या मापातल्या रेल्वेच्या देखाव्यावर, पाणी करायचं म्हटलं की प्रत्येकजण पहिला प्रश्न विचारतोय, रेझिन (ओतल्यावर घट्ट होऊन पाण्यासारखं दिसणारं पारदर्शक द्रव) कुठलं घेऊ. माझं सांगणं उलटं आहे, रेझिन राहू दे बाजूला, तुमची नदी कुठल्या महिन्यातली ते आधी ठरवा. आपल्याकडची नदी बारा महिने एका रंगाची असते का कधी? बेळगावजवळच्या खानापूरची मलप्रभा जुलैमध्ये लालभडक गढूळ, तीच नोव्हेंबरमध्ये निवळून हिरवट काळी, आणि एप्रिल-मेमध्ये खडकांच्या मधल्या डबक्यांपुरती. लेआउटवर आपण यातला एकच दिवस दाखवणार, आणि पाण्याचा रंग, पातळी, काठावरचा चिखल, गवत, ऊस, बंधाऱ्याचे बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) घातलेत की काढलेत हे सगळं त्या दिवसावरून ठरतंय. हे न ठरवता लोक निळा रंग लावतात आणि मग सगळं महागडं सामान वापरूनही ते स्विमिंग पूल दिसतंय.

खर्चाचा हिशेबही महिन्यावरच आहे बघा. पावसाळ्यातली नदी करायची असेल तर पारदर्शक रेझिन लागतच नाही, कारण दुधाच्या चहासारख्या पाण्यात तळ दिसतोय कुठं? तिथं सपाट पाट्यावर टिश्यू पेपर, फेविकॉल, रंग आणि वरून ग्लॉस वॉर्निश एवढ्यात काम भागतंय. रेझिन लागतंय ते दिवाळीनंतरच्या निवळ पाण्याला. पहिल्यांदाच करणार असाल तर मी नोव्हेंबर-डिसेंबर घ्या म्हणेन, पाणी संथ असतंय, काठ सुकलेला, उसाला तुरे आलेले, बंधारा अडवलेला, दाखवायला भरपूर आणि लाटांची कटकट कमी.

मापाचं गणित, कंटाळा आला तरी करा

मॉडेल रेल्वेची दोन मापं, एचओ म्हणजे १:८७, एन म्हणजे १:१६०. दूधसागर ३१० मीटर उंच, म्हणजे एचओमध्ये साडेतीन मीटरच्या वर, एनमध्येसुद्धा १.९४ मीटर, दाराच्या चौकटीएवढा. पूर्ण दूधसागर घरात बसत नाही, विषय संपला. पण आपल्याला धबधबा पूर्ण नकोच आहे, आपल्याला रेल्वेचा पूल आणि त्याच्या वरचा-खालचा एकेक टप्पा पाहिजे, कारण तिथलं वैशिष्ट्य हेच की पाणी रुळाच्या वरून दिसतंय आणि पुलाच्या कमानीखालून पुढं जाऊन परत कोसळतंय. एनमध्ये ५०-६० सेंटीमीटर उंचीत ते छान उतरतंय, वरचे टप्पे मागच्या चित्रात रंगवून टाकायचे. गोकाकचा धबधबा ५२ मीटरचा, एचओमध्ये बरोबर ६० सेंटीमीटर, तो खऱ्या मापात करता येतोय. फक्त तिथून रूळ जात नाहीत, त्यामुळं रेल्वे घालायची तर थोडी मोकळीक घ्यावी लागणार, घ्या की, लेआउट तुमचा आहे.

नदीच्या रुंदीचंही तसंच. कुडची-उगारच्या मधला कृष्णेवरचा पूल करायचा म्हटलं आणि पात्र नुसतं २०० मीटर धरलं तरी एचओमध्ये २.३ मीटर होतंय. मग पुलाचे गाळे कमी करा, पण एकेका गाळ्याची लांबी आणि पिलरची जाडी कमी करू नका. चार गाळ्यांचा दमदार पूल नदी मोठी दाखवतोय, बारा बारीक गाळ्यांचा पूल ओढ्यावरचा दिसतोय.

आणि सगळ्यात महत्त्वाचं माप लाटेचं, याकडं कुणी बघतच नाही. एचओमध्ये १ सेंटीमीटर उंचीची लाट म्हणजे खरी ८७ सेंटीमीटर, जवळजवळ तीन फूट. घटप्रभेत संथ पाण्यावर तीन फुटी लाट बघितलाय का कुणी? तरंग १ मिलीमीटरच्या आतच पाहिजे, तोसुद्धा जिथं वारा किंवा प्रवाह आहे तिथंच.

खालचा पाया

रूळ घालायच्या आधीच नदीची जागा सोडून ठेवा. वरचा थर कापून खाली ८-१० सेंटीमीटरवर दुसरा प्लायचा तुकडा बसवायचा, तो झाला नदीचा तळ. हा तळ लेव्हल बाटलीनं दोन्ही बाजूनं तपासायचा, कारण इपॉक्सी रेझिन आपणहून सपाट होतंय, तळ कलला तर एका काठाला पाणी जाड आणि दुसऱ्या काठाला तळ उघडा. कॅसलरॉक ते कुळेचा घाट करणाऱ्यांनी जास्त जपायचं, तिथं रूळच १ला ३७ चढावर असतोय, चढत्या रुळाशेजारी डोळा फसतो आणि आपण नकळत पाणीही चढाला लावतो. डोळ्यावर विश्वास नाही, लेव्हलवर ठेवायचा.

काठ थर्माकोलचे किंवा फोमच्या पट्ट्यांचे करा, वरून पीओपी. आपल्याकडं गणपतीच्या मूर्ती करणाऱ्यांमुळं पीओपीला तोटा नाही. खडकाच्या बाबतीत जागा बघा, गोकाकला थराथरांचा वालुकाश्म, खानापूरच्या पुढं जंगलात ओढ्याकाठी जांभा आणि लाल माती, चिकोडी-निपाणीकडं काळी माती. तीन गावांचं मिश्रण एका ओढ्याला लावलं तर इथला माणूस लगेच ओळखतोय. थर्माकोलवर स्प्रे पेंट थेट मारू नका, विरघळून खड्डे पडतात.

आता गळती. रेझिन पाण्यापेक्षा चिवट वाटतंय पण बारीक भोक सापडलं की रात्रभर हळूहळू खाली उतरतंय आणि सकाळी फरशीवर थारोळं. प्लाय आणि काठाचा सांधा, पिलरचा बुंधा, खिळ्यांची भोकं सगळं एम-सीलनं किंवा दाट फेविकॉल आणि पीओपीच्या लगद्यानं बुजवा. मग खोलीतला लाइट बंद करून खालून मोबाइलचा टॉर्च धरा, जिथून उजेड दिसतोय तिथून रेझिन जाणार. लेआउटच्या कडेला नदी संपत असेल तर तिथं अॅक्रिलिकची पट्टी बांध म्हणून लावायची, आतल्या बाजूला ब्राऊन पॅकिंग टेप चिकटवून. टेपला रेझिन धरत नाही, नंतर पट्टी सहज निघते. पट्टीचा खालचा सांधा मात्र सिलिकॉननं बंद पाहिजे.

रंग, म्हणजे खरं पाणी इथंच होतंय

लोकांना वाटतंय पाणी ओततात तेव्हा होतंय. नाही, पाणी तळ रंगवताना होतंय, रेझिन त्यावर फक्त चकाकी आणि थोडी खोली देतंय. म्हणून इथं घाई करू नका.

निवळ नदीसाठी मधली धार गडद, काळ्यात हिरवा आणि थोडा तपकिरी मिसळून, अगदी काळपट वाटला तरी चालतंय. काठाकडं येताना तो हळूहळू मातकट, शेवटची दोन बोटं काठाच्या मातीच्या रंगाचीच. दोन रंगांची सीमा दिसता कामा नये, ओल्यावर ओला रंग घेऊन स्पंजनं थापटत मिसळायचा. वळणावर गडद भाग बाहेरच्या बाजूला सरकवा, कारण नदी बाहेरचा काठ खाते आणि आतल्या बाजूला वाळू टाकते. एवढं एक केलं तरी बघणारा म्हणतोय, नदी खरी वाटते, का ते त्याला सांगता येत नाही. निळा रंग डबीतच राहू दे, आभाळाचं प्रतिबिंब वरच्या चकाकीत आपोआप येतंय.

पावसाळी नदीला उलट. यलो ऑकर, बर्न्ट सिएना, थोडा पांढरा, सगळीकडं जवळजवळ सारखा, तळाचा काही पत्ता नको. मलप्रभेच्या वरच्या अंगाला लाल जास्त, कृष्णेला मातकट तपकिरी. टिश्यू पेपरची रीत इथं वापरायची, प्लायवर फेविकॉल-पाणी निम्मं निम्मं लावून वर टॉयलेट पेपरचे तुकडे ठेवायचे, परत वरून फेविकॉल-पाणी, आणि ओलं असतानाच ब्रशनं प्रवाहाच्या दिशेनं बारीक सुरकुत्या ओढायच्या. सुकलं की रंग, रंग सुकला की वॉटर बेस ग्लॉस वॉर्निशचे चार-पाच हात, प्रत्येक हात पूर्ण सुकवून. ऑइल बेस वॉर्निश काही महिन्यांत पिवळं पडतंय, गढूळ नदीला एक वेळ खपेल, निवळ पाण्याला नाही. हिडकलसारखा मोठा जलाशय दाखवायचा असेल तरी हीच रीत, एवढ्या क्षेत्रावर रेझिन ओतायला खिसा पाहिजे.

काठावर वाळू, बारीक खडी, माती. बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यांत कुणी ओळखीचं असेल तर फौंड्रीची सिलिका वाळू मागून आणा, एकसारखी बारीक असते, चहाच्या गाळणीतून गाळून घ्यायची. फेविकॉल-पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाकला की ते वाळूत मुरतंय, नाहीतर वर गोळे होऊन बसतंय. पाण्याच्या रेषेच्या वर अर्धा सेंटीमीटर पट्टा मुद्दाम गडद रंगवा, ओल्या मातीचा. मग सगळं दोन-तीन दिवस सुकू द्यायचं, पीओपीत ओल राहिली तर रेझिन खालून ढगाळ होतंय आणि त्याला औषध नाही.

रेझिन ओतायचं

दुकानात इपॉक्सी म्हटलं की पाच मिनिटांत धरणारी ट्यूब पुढं करतात, ती नको. रेझिन आर्टवाले जे दोन बाटल्यांचं पारदर्शक इपॉक्सी वापरतात ते पाहिजे. फायबरच्या कामाचं पॉलिएस्टर रेझिन स्वस्त मिळतंय पण त्यातल्या स्टायरिनमुळं थर्माकोल विरघळतोय, वास तर घरात आठवडाभर.

किती लागणार ते आधी काढा. लांबी गुणिले रुंदी गुणिले जाडी, सगळं सेंटीमीटरमध्ये. ६० लांब, १२ रुंद, ३ मिलीमीटर जाड म्हणजे ६० × १२ × ०.३, झाले २१६ मिली. काठाच्या खाचाखोचांसाठी थोडं जास्त धरा.

रेझिन आणि हार्डनर (घट्ट करणारी दुसरी बाटली) यांचं प्रमाण बाटलीवर असतंय, कुठं २ला १, कुठं ३ला १, आणि ते वजनानं की मापानं हेही नीट वाचा, दोन्ही वेगळं असतंय. अंदाजपंचे हार्डनर वाढवला तर लवकर सुकेल असं नसतंय, कायमचं चिकट राहतंय. किचनचा डिजिटल काटा घ्या, घरच्यांना विचारून घ्या. तीन ते पाच मिनिटं सावकाश ढवळायचं, फेटायचं नाही, कडा आणि तळ खरवडत. मग ते दुसऱ्या स्वच्छ ग्लासात ओतून परत मिनिटभर ढवळायचं, कारण पहिल्या ग्लासाच्या कडेला न मिसळलेलं राहिलेलं असतंय आणि नेमकं तेच शेवटी ओतताना नदीत पडतंय.

एका वेळी ३ मिलीमीटरपेक्षा जाड थर नको. इपॉक्सी सुकताना गरम होतंय, जाड थर जास्त गरम, त्यात पिवळेपणा येतोय, तडकतंय, खालचा थर्माकोलही वाकतोय. जाडी पाहिजे तर दोन थर, मध्ये साधारण २४ तास. रंग घालायचा असेल तर रेझिनचाच पिगमेंट, काडीच्या टोकावर येईल एवढा, खालच्या थरात थोडा आणि वरच्यात जवळजवळ नाहीच.

ओतताना मधून सुरुवात करा आणि काठाकडं काडीनं ढकलत न्या. बुडबुडे पाच-दहा मिनिटांत वर येतात, लायटरची ज्योत वरून झटकन फिरवली की फुटतात, एका जागी धरायची नाही, जवळ सुकं गवत आणि फेविकॉल लावलेला भुसा आहे हे विसरू नका. हेअर ड्रायर नको, रेझिन उडून काठावर चढतंय. ग्लोव्हज, उघडी खिडकी आणि जमलं तर मास्क, अंगाला सारखं लागलं तर काहींना कायमची अॅलर्जी होतेय.

बेळगावच्या हवेचं सांगायलाच पाहिजे. जून ते सप्टेंबर रेझिनला हात लावू नका, आपल्याकडं पावसाळ्यात भिंती घाम गाळतात, एवढ्या दमट हवेत वर पांढरट मेणचट थर येतोय. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत रेझिन घट्ट होतंय आणि बुडबुडे सुटत नाहीत, तेव्हा बाटल्या बंद करून कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवा. फेब्रुवारी ते मे सगळ्यात चांगलं. ओतून झालं की वर पुठ्ठ्याचा खोका उलटा झाकायचा, धूळ आणि डास दोन्हींसाठी, आणि २४ तास बोट लावून बघायचं नाही. पूर्ण कडक व्हायला तीन दिवस ते आठवडा.

सुकल्यावर दिसेल की काठावर रेझिन वाळूतून, गवतातून वर चढून चकाकतंय. हे होणारच. मॅट वॉर्निशचा एक हात आणि त्यावर चिमूटभर सुकी माती, झालं.

तरंग आणि प्रवाह

आता पाणी एकदम सपाट आहे, डोहाला ते चालतंय, वाहत्या नदीला नाही. आर्टच्या दुकानात अॅक्रिलिक रंगात मिसळायचं ग्लॉस जेल मीडियम मिळतंय, ते पातळ लावून जुन्या ब्रशच्या टोकानं टिपत जायचं, लावताना पांढरं दिसतंय, सुकलं की पारदर्शक. पुलाच्या पिलरकडं नीट बघा, वरच्या अंगाला पाणी पिलरवर किंचित चढतंय, दोन्ही बाजूनं तिरक्या रेषा सुटतात, आणि मागं थोडं अंतर शांत, गरगर फिरणारं पाणी. पिलरचं टोकदार अंग प्रवाहाच्या वरच्या बाजूला असतंय, हे उलटं लावलेलं मॉडेल मी भरपूर बघतोय.

धबधबा

पारदर्शक सिलिकॉन सीलंट घ्या, बंदुकीत घालायची ट्यूब. प्लॅस्टिकच्या जाड कागदावर धबधब्याच्या उंचीपेक्षा थोड्या जास्त लांबीच्या धारा शेजारी शेजारी सोडायच्या, आणि टूथपिकनं वरून खाली ओढत एकमेकांत मिसळायच्या, पण सगळं एकजीव करायचं नाही, मध्ये फटी राहू देत, त्यातून मागचा काळा खडक दिसला पाहिजे. उशीतला पोलिएस्टरचा कापूस पिंजून त्याचे एक-दोन लांब धागे ओल्या सिलिकॉनमध्येच दाबले की धार येते. दिवसभर सुकवून अलगद सोलायचं.

इथं एक अडचण आहे, सुकलेल्या सिलिकॉनवर अॅक्रिलिक रंग टिकतच नाही, सालीसारखा निघतो. म्हणून दूधसागरासारखी पांढरी धार पाहिजे तर ट्यूबमधलं ऑइल पेंट, टायटॅनियम व्हाइट, अगदी मोहरीएवढं, सिलिकॉन ओलं असतानाच मिसळायचं. गोकाकला पावसाळ्यात पांढरा नको, तपकिरीच, पांढरा फक्त कडेला फुटतंय तिथं आणि पायथ्याला. क्रमही लक्षात ठेवा, खालच्या डोहाचं रेझिन आधी, धबधबा नंतर सिलिकॉननंच चिकटवायचा, कारण सुकलेल्या सिलिकॉनला रेझिन धरत नाही. पायथ्याला जेल मीडियमचे उंचवटे, त्यावर कोरड्या ब्रशनं पांढरा, आणि अगदी विरळ कापूस तुषारांसाठी. कापूस दिसला म्हणजे जास्त झाला.

बंधारा आणि काठावरच्या गोष्टी

आपल्या भागातला लेआउट ओळखू येतो तो बंधाऱ्यामुळं. दूधगंगा-वेदगंगेवरचे कोल्हापूर पद्धतीचे बंधारे बघा, ओळीनं दगडी खांब, मध्ये बरगे. खांब पीओपीचे, बरगे आइस्क्रीमच्या काड्यांचे. बरगे घातले की वरच्या अंगाला पाणी उंच आणि शांत, खाली उथळ आणि खडक उघडे. म्हणजे दोन पातळ्यांचं दोनदा रेझिन, वरचं आणि खालचं वेगवेगळं, आणि बंधाऱ्याचा सांधा सिलिकॉननं पक्का. बरग्यांच्या फटीतून गळणाऱ्या बारीक धारा मात्र सोडू नका, जेल मीडियमच्या दोन-चार रेषा, बास. जुलैची नदी असेल तर बरगे काढून वर रचून ठेवलेले दाखवा.

काठावर जॅकवेल (नदीचं पाणी उपसायची विहीर) आणि त्यातून उसात गेलेले पाइप पाहिजेतच, कृष्णाकाठ त्याशिवाय पुरा होत नाही. पाण्यात बसलेल्या म्हशी करायच्या तर म्हैस पोटावर ब्लेडनं आडवी कापायची आणि वरचा भाग रेझिनवर जेलनं चिकटवायचा, शिंगं, पाठीचा कणा आणि नाकपुड्या एवढंच पाण्याबाहेर. पुराच्या खुणा दाखवायला तर फार मजा येते, २०१९ आणि २०२१चा पूर बघितलेल्यांना हे सांगायला नको, पिलरवर आडवी मातकट रेघ आणि तिच्याखाली रंग फिका, काठाच्या बाभळीत अडकलेलं गवत, चिंध्या, प्लॅस्टिक, आणि सगळं एकाच दिशेला, प्रवाहाच्या दिशेला झुकलेलं. जुन्या साडीच्या काठाचे दोरे यासाठी एक नंबर.

झाल्यावर निगा एवढीच, खिडकीचं ऊन थेट नदीवर येऊ देऊ नका, रेझिन पिवळं पडतंय. धूळ मऊ कोरड्या ब्रशनं काठाकडून मधे आणायची आणि मधून मायक्रोफायबर कापडानं उचलायची. थिनर, स्पिरिट लावायचं नाही, चकाकी जाते. कुठं चरा पडलाच तर परत रेझिन ओतायची गरज नाही, ग्लॉस वॉर्निशचा एक पातळ हात मारा, चरा दिसायचा बंद होतोय.